बहात्तर तासांचा अंगठा

सव्वादहा वाजता संघपालच्या फोनवर निरोप आला की त्याची आई शंभर टक्के आहे, आणि त्याच मिनिटाला त्याला आई विडी कारखान्याच्या खिडकीपुढे रांगेत उभी दिसली. नेहमीचा रस्ता खोदलेला असल्यामुळे शेअर रिक्षावाल्याने भवानी पेठेतल्या एका भलत्याच बोळात रिक्षा घातली होती. संघपाल मागच्या सीटवर चौथा, म्हणजे अर्धा आत आणि अर्धा हवेत बसून फोन नाकासमोर धरून वाचत होता : 'बॅच सात. नव्वदाव्या दिवसाची पडताळणी. नमुना संख्या एक. निवड : नागूबाई हरिदास सरवदे. फोटो-हजेरी सत्त्याऐंशीपैकी सत्त्याऐंशी. अभिनंदन.' त्याने मान वर केली ती आनंदाने. अशा वेळी माणूस उगाच आभाळाकडे बघतो. आभाळ त्या बोळात मावत नव्हतं, म्हणून त्याला रांग दिसली. रांगेत सातवी आई. डाव्या हातात त्यानेच घेऊन दिलेला तीन कप्प्यांचा डबा, जो या वेळी अक्कलकोट रोडच्या गणवेश कारखान्यात शिलाई मशीनच्या पायाशी असायला हवा होता. कमरेला विड्यांच्या बंडलांची पाटी. मागच्या चंद्रव्वामावशीला काहीतरी सांगून ती तोंडावर पदर धरून हसत होती. खिडकीतला चेकर एकेक बंडल दाबून बघत होता, कानाशी नेत होता, आणि पसंत न पडलेलं बाजूच्या पिंपात टाकताना एकच शब्द म्हणत होता, "छाट." रिक्षा खड्ड्यातून उसळली आणि बोळ संपला.

तो थांब म्हणाला नाही. शाळेला दांडी मारलेली मुलगी सिनेमाच्या रांगेत दिसावी आणि बापानेच तोंड लपवावं, तसा त्याने फोन तोंडासमोर धरला. छप्पन्न वर्षांच्या मुलीचा तो एकोणतीस वर्षांचा बाप होता. गेले तीन महिने ती सकाळी सव्वाआठला डबा घेऊन निघायची, साडेसहाला परत यायची, पाय दुखतात म्हणायची, आणि तो म्हणायचा, पायडलमुळे दुखत असतील. तिच्या लुगड्याला तंबाखूचा वास यायचा. तो त्याला आला नव्हता असं नाही. आला होता, आणि तिसऱ्या पंधरवड्याच्या अहवालात त्याने लिहिलंही होतं की चौतीस वर्षांचा वास नव्वद दिवसांत जाईल अशी अपेक्षा ठेवणं शास्त्रीय नाही. वरून शेरा आला होता, 'चांगले निरीक्षण.'

संघपाल 'पर्यायी रोजगार प्रशिक्षण योजने'त संक्रमण समन्वयक होता. विडी वळणाऱ्या बायकांना शिलाई शिकवायची, आणि एका कामातून दुसऱ्या कामात जाताना त्या मधल्या मधे सांडू नयेत हे बघायचं. बाई नव्या कामात टिकली की नाही हे योजनेला कळण्याची रीत अशी, की रोज साडेनऊच्या आत बाईने कामाच्या ठिकाणाहून स्वतःचा फोटो पाठवायचा. फोटोत माणूस, ठिकाण आणि वेळ, तिन्ही बरोबर असलं की समन्वयकाने 'मान्य' दाबायचं. तिसांतल्या एकवीस जणी नव्वदाव्या दिवसापर्यंत पोचल्या की सत्तर टक्के, आणि सत्तर टक्के झाले की केंद्र हिरवं. ही योजना नव्वदाव्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होत होती आणि दुसऱ्या दिवशी तीच 'नवपर्यायी' नावाने सुरू होत होती. हिरवी केंद्रं पलीकडे जाणार, त्यांच्याबरोबर त्यांचे समन्वयक जाणार. लाल केंद्रांच्या समन्वयकांबद्दल परिपत्रकात एकच ओळ होती : 'त्यांच्या संक्रमणाची जबाबदारी त्यांची राहील.' बॅच सातमध्ये नऊ जणी आधीच गळल्या होत्या. उरल्या होत्या बरोबर एकवीस. त्यातली एकविसावी आई, कारण तीस पूर्ण झाल्याशिवाय बॅच सुरू होत नव्हती आणि एकोणतीसवर गाडी अडली तेव्हा संघपालने घरी येऊन, भाकरी खाता खाता, तिचं नाव लिहून टाकलं होतं. "शिवायला शिकून काय करू आता मी?" ती म्हणाली होती. "फक्त बस गं," तो म्हणाला होता. ती बसली. लिहून टाकल्यावर बसण्याची त्या घराला सवय होती.

ही सवय वडलांपासूनची. हरिदास सरवदे गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा कामगारांचं पुनर्वसन म्हणून कुणीतरी त्यांना मेणबत्त्या करायला शिकवलं. पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, शेवटी प्रमाणपत्र, साचा आणि चाळीस किलो मेण. तीस वर्षं ताण्याबाण्यात हात घातलेला माणूस दारात बसून मेण वितळवायचा आणि साच्यातून निघालेल्या मेणबत्तीकडे अशा नजरेने बघायचा, की ही आता काहीतरी बोलेल. ते दिवस भारनियमनाचे होते, त्यामुळे धंदा चालायला हरकत नव्हती; पण अंधारात मागायला आलेल्या शेजाऱ्याकडून काही घ्यायचं त्यांच्या जिवावर यायचं. चाळीस किलो मेण सगळ्या गल्लीत उजेड पाडून संपलं. सरकारी नोंदीत हरिदास सरवदे कायमचे पुनर्वसित झाले. ते गेले तेव्हा प्रमाणपत्र भिंतीवर होतं, अजून आहे. त्याच्या शेजारी संघपालची तीन : मोबाइल दुरुस्ती, हिशेबाचा संगणक कोर्स, आणि आतिथ्य व्यवस्थापन, ज्यात त्याला चार महिने नॅपकिनचा मोर करायला शिकवलं होतं. तिन्ही योजनांत तो यशस्वी होता. नव्वदाव्या दिवशी तिन्हीकडून फोन आला होता, काम करता का, आणि तिन्ही वेळा त्याने हो म्हटलं होतं, कारण विचारणाऱ्या पोरीचा आवाज इतका थकलेला असायचा की नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. समन्वयकाची नोकरी लागली त्या दिवशी तो पहिल्यांदा मोजला जाणाऱ्यांतून मोजणाऱ्यांत आला. हजेरीच्या यंत्रावर त्याचे दोन्ही अंगठे नोंदवून घेतले होते. घरी येऊन त्याने दारातच दोन्ही अंगठे वर करून आईला दाखवले. "दोन्ही घेतले गं." आई हातातली विडी खाली न ठेवता म्हणाली, "दोन्ही? एकावर भरोसा न्हाय व्हय त्यांचा?"

आईचा मात्र एकही अंगठा यंत्राने घेतला नव्हता. विडी वळणाऱ्या बायकांच्या अंगठ्याला रेषाच उरत नाहीत. ओलं पान, तंबाखू आणि दोरा यांनी त्या पुसून जातात. प्रवेशाच्या दिवशी तीस बायका यंत्रापुढे येऊन अंगठा टेकवत होत्या आणि यंत्र तीस वेळा म्हणालं होतं, कृपया अंगठा ठेवा. शेवटी वरच्या कार्यालयातल्या कुणा हुशार माणसाने तोडगा काढला. बाईने विडी सोडली की कातडी नवी येणार, कातडीबरोबर रेषा येणार. म्हणजे ठसा परत आला तर बाई खरोखर विडीतून बाहेर पडली, नाही आला तर नाही. तोवर फोटो चालतील. नव्वदाव्या दिवशी एक नमुना निवडून त्या बाईचा अंगठा आधारच्या जुन्या, रेषा अजून थोड्याफार उरल्या होत्या तेव्हाच्या ठशाशी जुळवून बघायचा. जुळला तर सगळी बॅच खरी. संघपालला ही कल्पना फार आवडली होती. बाकी सगळी माणसं खोटं बोलू शकतात, कातडी कशी बोलणार? आणि नमुना म्हणून यंत्राने साहजिकच सगळ्यांत नियमित बाई निवडली होती. सत्त्याऐंशीपैकी सत्त्याऐंशी.

केंद्रात पोचल्यावर त्याने दार लावून घेतलं आणि आईचे सत्त्याऐंशी फोटो पहिल्यापासून उघडले. हे सगळे त्याने एकदा बघितले होते, एकेकाला 'मान्य' दिलं होतं. पहिले चाळीसेक आतले, मशीनपुढचे. आई मशीनच्या चाकावर हात ठेवून, पासपोर्टला काढतात तसा चेहरा करून. त्यानंतरचे सगळे गेटवरचे. तोच चेहरा, तेच ठिकाण, नऊ वाजून चौदा, नऊ वाजून सोळा. आणि मागे शटर. सत्तेचाळीस फोटोंत मागचं शटर खाली होतं. एका फोटोत त्याला भलंमोठं कुलूप होतं, आईच्या कानाशेजारी, दागिन्यासारखं. एका फोटोत शटरला टेकून कुत्रं झोपलेलं होतं. त्याखाली त्याचं 'मान्य'. माणूस, ठिकाण, वेळ. शटर कुठल्याच रकान्यात नव्हतं. नोकरी जाणार याची भीती वाटायला हवी होती आणि ती वाटतच होती. पण तिच्याही खाली आणखी एक काहीतरी होतं. एवढे दिवस आईचा चेहरा रोज सकाळी आपल्या फोनवर येत होता आणि आपण तो तपासत होतो.

दुपारी दोनला तो चंद्रव्वामावशीच्या घरी गेला. आईची जुनी मैत्रीण; दोघी जिकडेतिकडे जोडीनेच दिसायच्या. दाराबाहेरच्या मोकळ्या जागेत, ओट्यावर, जिन्यावर बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. त्याने सवयीने मोजलं. एकवीस. बॅच सात, हजेरी शंभर टक्के. बसल्याही होत्या हजेरी क्रमांकाने. प्रशिक्षणाचा एवढा परिणाम टिकून होता. भिंतीशी एकवीस डबे ओळीत.

"बा तम्मा, ये बाळा, बस," चंद्रव्वा म्हणाली. कन्नडमध्ये सुरू करून मराठीत संपवणं ही तिची रीत. "लई दिसानं इन्स्पेक्शनला आलास की रे."

आईने मान वर केली. हात थांबले नाहीत. "जेवलास का?"

"आई, हे काय आहे?"

"विडी हाय. इसरलास व्हय?"

"तुम्ही कारखान्यात जात नाही?"

"जातो की! रोज जातो. नवाला गेट, सव्वानवाला फोटू, साडेधाला हितं."

"शटर बंद आहे तिथं."

"मग आमी काय करू? आमी काय लावलं व्हय ते शटर?" आईने विडीला दोरा गुंडाळून तोडला. "शाळा सुरू झाल्या, पोरांनी कापडं घातली, खेळ खलास. कारखान्याचा चन्नप्पा म्हनला, आता जानेवारीत या. त्यो तरी काय करणार? पोरं काय महिन्याला नवी कापडं घालत न्हाईत."

"मला सांगायचं तरी."

एकवीस कात्र्यांचा आवाज येत राहिला. मग आई सुपाकडे बघत म्हणाली, "सांगितलं असतं तर तू लाल झाला असतास."

हा शब्द तिने त्याच्याच तोंडून ऐकला असणार, रोज जेवताना. चंद्रव्वाने तंबाखूची चिमूट पानावर सोडली. "तुजी आई घरोघर फिरली रे बाबा. म्हनली, माज्या पोराला ह्या टायमाला तरी पुडं जाऊ द्या. आमी म्हनलं, फोटूच काडायचाय न्हवं? होगली बिडो, जाऊ दे, काडू की. रिक्षात गप्पा तरी होतात."

संघपाल जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. मागच्याच महिन्यात त्याने पुण्याच्या बैठकीत पडद्यावर एक आलेख दाखवला होता. त्याचं नाव होतं 'मानसिकतेतील बदल'. रेघ वर वर जात सत्तरला टेकली होती आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ती रेघ म्हणजे या एकवीस बायकांनी केलेली दया होती. त्या रोज सकाळी नटूनथटून, डबे घेऊन, दोन रिक्षांत कोंबून एका बंद शटरपुढे जात होत्या आणि त्याच्या नोकरीला रोजचा घास भरवून परत येत होत्या. त्याने यांना शिकवलं होतं असं नाही. यांनीच त्याला दीड महिना कामावर ठेवला होता. त्याला ओरडून रडावंसं वाटलं, पण जिन्यावर हजेरी क्रमांक चौदा आणि पंधरा बसल्या होत्या.

"तीन दिवसांनी अंगठा बघायला माणूस येणार आहे," तो म्हणाला.

एकवीस जणींनी आपापला अंगठा बघितला. कुणाचा तरी हरवल्याची वर्दी आल्यासारखा.

"एकीचाच बघणार. आईचा."

"मग बरं हाय की," चंद्रव्वा म्हणाली. "बाकीच्या सुटल्या."

नमुना आई होती, आणि आईच्या अंगठ्याचं टोक वरवंट्यासारखं गुळगुळीत होतं. हातात वेळ बहात्तर तास. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने टाचांच्या भेगांची मलमाची नळी दिली आणि सांगितलं, टाचेला येते तर अंगठ्याला का नाही येणार कातडी, फक्त हात कशाला लागू देऊ नका. संघपालला हा वैद्यकीय सल्ला वाटला. इतक्या हताश अवस्थेत माणूस सल्ल्याची पदवी विचारत नाही. त्याने ॲपमध्ये तीन दिवसांची क्षेत्रभेट टाकली, जी खरी होती, आणि आईला सांगितलं की तीन दिवस विडीला शिवायचं नाही.

"आन् खाडा?" आई म्हणाली. पहिल्यांदाच तिचे हात थांबले. "तीन दिस बंडल न्हाय गेलं तर त्यो चेकर पानं-तंबाखू द्यायचं बंद करतो. पेन्शनीला दोन वर्सं राहिलीत माज्या. तवर कार्ड जित्तं ठेवाय पायजे. चौतीस वर्सं काय उगी वळल्या व्हय मी?"

ते विडी कामगाराचं ओळखपत्र असायचं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात, डबा पिठाच्या डब्यात. त्याने तिला शिलाईच्या बॅचमध्ये घातलं तेव्हा ते कार्ड त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. चंद्रव्वा म्हणाली, "नागू, तुजा रोजचा हजार विड्यांचा माल आमी वाटून घेतो की. ईस जणी, पन्नास-पन्नास. तू बस राणीसारकी."

पहिल्या दिवशी तो हजार परत आला. नागूबाईला ताप आहे म्हणून चंद्रव्वाने बंडलं नेली, चेकरने एक बंडल दाबलं, दुसरं दाबलं, आणि म्हणाला, "हा हात नागूबाईचा न्हाय. छाट." विडी कुणीही वळो, तोंड दुमडताना प्रत्येकीचा अंगठा वेगळा पडतो आणि चौतीस वर्षांचा अंगठा चेकर डोळे मिटून ओळखतो. संघपालने हे ऐकलं आणि त्याला हसू येईना. ज्या अंगठ्याला लाखभराचं यंत्र ओळखत नव्हतं, तो त्या खिडकीतल्या माणसाला तिच्या विड्यांवर दिसत होता. "दुमड माज्या पोराला येती," आई कोपऱ्यातून म्हणाली. "ल्हान असताना माजी तोंडं त्योच बंद करायचा." तसं खरंच होतं. शाळेतून आल्यावर भाकरी मिळण्याच्या आधी शंभर विड्यांची तोंडं बंद करायची, हा त्या घराचा नियम होता. अंगठ्याच्या पेराने दाबायचं, नखाने आत सारायचं, आईने पहिल्या दिवशी त्याचा अंगठा आपल्या अंगठ्याखाली धरून शिकवलं होतं. वीस वर्षांनी अंगठ्याला ते आठवलं. त्याला स्वतःला आठवायच्या आधी आठवलं. बायका वळायच्या, तोंडं तो बंद करायचा. हजारच्या हजार. दुसऱ्या दिवशी चेकरने बंडल कानाशी नेलं आणि म्हणाला, ताप उतरलेला दिसतोय.

आणि आई बसून राहिली. दोन्ही हातांना मलम, त्यावर दुधाच्या रिकाम्या पिशव्या, मनगटाशी विडीच्याच दोऱ्याने बांधलेल्या. तो तिला भरवत होता. पहिला घास तिने तोंड फिरवून टाळला, दुसरा घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी हाय." त्याने तिचे केस विंचरले, भांग वाकडा पडला. त्याला कळेना की एवढ्या वर्षांत आईला नुसतं बसलेलं आपण कधी बघितलंय. तिलाही बसणं जमत नव्हतं. भिंतीवरच्या चार प्रमाणपत्रांखाली ती दोन पांढरे हात मांडीवर ठेवून एखाद्या परक्या घरी पाहुणी आल्यासारखी दिसत होती. मधेच खसखस आवाज यायचा. बघावं तर पिशव्यांच्या आत तिची बोटं चाललेली असायची. पान धर, तंबाखू पसर, वळ. पान नव्हतं, तंबाखू नव्हती. "आई, हात," तो म्हणायचा. "व्हय," ती म्हणायची, आणि बोटं थांबवायची, आणि मग तिच्या चेहऱ्यावरून सगळंच निघून जायचं. संघपालच्या मनात आलं, की योजनेत लिहिलेलं संक्रमण ते हेच : एक काम सुटलेलं, दुसरं मिळालेलं नाही, आणि हात पिशवीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने पिशव्या सोडल्या. हात खिडकीच्या उजेडात धरला. अंगठ्यावर अगदी पुसट, पाण्यात बोट ओढल्यासारखी, गोल गोल काहीतरी वळणं उमटली होती.

"हे माजं हाय व्हय?" आईने दबक्या आवाजात विचारलं. तिला भीती वाटलेली दिसत होती.

नव्वदाव्या दिवशी चन्नप्पाने शटर उघडलं. कारखान्याचा तो सुपरवायझर, मनाने मऊ. मशीनांवरची आच्छादनं काढली, दोन ट्यूब लावल्या, आणि कापड नव्हतं म्हणून गेल्या वर्षीचे बिनबाह्यांचे उरलेले शर्ट काढून दिले. एकवीस बायका हजेरी क्रमांकाने मशीनवर बसल्या. बाही एक बाई जोडायची, पुढची उसवायची, त्यामुळे काम संपण्याची भीती नव्हती. चार वाजता शिवानंद नावाचा पडताळणी अधिकारी आला. घामेजलेला, खांद्याला बॅग, बॅगेत अंगठ्याचं यंत्र. त्याने एकवीस मोजल्या, पंख्याखाली उभा राहिला आणि म्हणाला, "तुमचं हे शेवटचं केंद्र. उद्या मलाही तपासायला कुणीतरी येणार आहे. माझ्या भेटी दोनने कमी भरतायत." संघपालने त्याला चहा दिला. दोन बुडणारी माणसं एकमेकांना जसं बघतात तसं त्यांनी बघितलं आणि लगेच कामाला लागले.

आईने अंगठा टेकवला. कृपया अंगठा ठेवा. पुन्हा टेकवला. कृपया अंगठा ठेवा. वीस मशीनं थांबली. आईने अंगठा पदराला पुसला, त्यावर फुंकर घातली आणि तिसऱ्यांदा असा दाबला, की जणू खाली विडीचं तोंड होतं. यंत्र हिरवं झालं. चंद्रव्वाने टाळी वाजवली, मग आपण कामावर आहोत हे आठवून पायडल मारलं. पलीकडे, संघपाल मनात म्हणाला, आपण पलीकडे गेलो.

"आता तुमची पुष्टी," शिवानंद म्हणाला आणि यंत्र त्याच्याकडे फिरवलं. "अंगठा ठेवा, झालं."

पडद्यावर चार ओळी होत्या. संघपालने त्या वाचल्या, मग पुन्हा वाचल्या.

"काय लिवलंय?" आईने विचारलं.

"लिहिलंय..." त्याने ओळीखाली बोट धरलं. "लाभार्थी विडी व्यवसायातून कायमची बाहेर पडल्याची समन्वयक खात्री देत आहे. सबब विडी कामगार ओळखपत्र आजच्या तारखेपासून रद्द समजण्यात येईल."

शिवानंद अपराध्यासारखा घड्याळाकडे बघत होता. चार वाजून पस्तीस. आई पडद्याकडे बघत होती. तिला त्यातलं काहीच वाचता येत नव्हतं, पण सगळं कळलं होतं.

"दाब," ती म्हणाली.

"आई, दोन वर्षं."

"दाब म्हनते की. तिसरी नोकरी का चौती ही तुजी? तुज्या बापासारका मेणबत्त्या करत बसणार हायस का?" तिने त्याचा उजवा हात ओढला. वीस वर्षांपूर्वी धरला होता तसाच त्याचा अंगठा तिच्या अंगठ्याखाली धरला आणि काचेवर दाबला.

ओळख पटली नाही.

त्याने अंगठा वळवून बघितला. दोन दिवसांत दोन हजार तोंडं. पेराची साल निघाली होती, आडवी कापाकापी झाली होती, त्यावर तंबाखूचा काळपट थर. रेषा कुठे दिसत नव्हत्या. आईने पदराने तो खसाखसा पुसला, त्याच्या लहानपणी नाक पुसायची तसा, आणि पुन्हा दाबला. ओळख पटली नाही. तिसऱ्यांदा दाबताना तिने सगळा भार टाकला. यंत्र तांबडं झालं. मग ते म्हणालं, अधिकाऱ्याची ओळख पटवता येत नाही.

"अहो, उजवाच नोंदवलाय का तुमचा?" शिवानंदने घाईने विचारलं. "डावा असेल तर बघा. वेळ आहे अजून."

संघपालचा डावा हात पँटच्या खिशात होता. तो कधी गेला ते त्याला आठवत नव्हतं. आत चार बोटांनी अंगठा झाकून घेतला होता, घट्ट, लहान मूल काही लपवतं तसा. त्या अंगठ्याला काहीही झालेलं नव्हतं. प्रत्येक रेष जागेवर होती.

"उजवाच," तो म्हणाला. "एकच घेतला होता."

शिवानंदने यंत्र बंद केलं आणि कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. बायका एकेक करून उठल्या, शर्ट घड्या घालून ठेवायला लागल्या. आई मात्र जागची हलली नाही. ती त्याच्या खिशाकडे बघत होती. खिशातली मूठ बाहेरून दिसत होती, आणि दारात उभं राहून वर केलेले दोन अंगठे तिला आठवत नसतील असं होणं शक्य नव्हतं. तिने त्याचा उजवा अंगठा अजून सोडला नव्हता. तो उजेडाकडे वळवून तिने बोटांनी दाबून बघितला, पालथा केला, पुन्हा दाबला. तिचे डोळे भरले होते आणि चेहरा मात्र खिडकीतल्या माणसासारखा कोरडा होता.

"छाट," ती म्हणाली, आणि डबा उचलून शटरकडे चालायला लागली. दोन पावलांवर थांबून, मागे न बघता म्हणाली, "घरी गेल्यावर पानं भिजत घाल."